पाइप कशाचा?

सुरुवात एका सूत्राने करतो. घाबरू नका, एकच आहे.

वर्ष = १९३१.८५ − (३८.२६ × क्ष)

यातला क्ष म्हणजे तंबाखू ओढायच्या मातीच्या पाइपच्या नळीतलं भोक, इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजलेलं. व्हर्जिनियात इंग्रजांच्या एखाद्या जुन्या वस्तीचं उत्खनन चालू असतं. नळ्यांचे पांढरे तुकडे ढिगाने सापडतात. मग ड्रिल बिटांचा सेट घ्यायचा, प्रत्येक तुकड्यात कुठलं बिट नीट बसतं ते बघायचं, सरासरी काढायची आणि सूत्रात टाकायची. ७ आलं तर वस्ती साधारण १६६४ ची, ५ आलं तर १७४० ची. हे भोक काळाप्रमाणे बारीक होत गेलं, हे जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने १९५४ मध्ये दाखवलं आणि १९६२ मध्ये लुइस बिनफोर्डने त्याचं चक्क लिनिअर रिग्रेशन करून टाकलं. (या सूत्राप्रमाणे १९३१ संपता संपता भोकाचा व्यास शून्य होतो आणि पुढे उणे! एक्स्ट्रापोलेशन का करू नये याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.)

आता तुम्ही म्हणाल, सरासरी काढण्याइतके तुकडे मुळात सापडतात कसे? कारण मातीचा पाइप फुटतो. हातातून पडला की गेला. फुटला की फेकायचा आणि दुसरा घ्यायचा. लंडनला थेम्सच्या काठावर ओहोटीच्या वेळी आजही हे तुकडे दिसतात (उचलायचे असतील तर मात्र बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो).

मी स्वतः ओढत नाही, पण मटेरियल सिलेक्शनचा प्रॉब्लेम म्हणून पाइप हा प्रकार मला फार आवडतो. रिक्वायरमेंट्स बघा. आत निखारा, तरी भांडं जळता कामा नये. बाहेरून ते हातात धरता आलं पाहिजे. तंबाखू जळताना पाणी सुटतं, ते कुठेतरी मुरलं पाहिजे, नाहीतर नळीत गुडगुड सुरू. दुसरं टोक तोंडात धरायचं, म्हणजे ते ओठाला चटका देणारं नको आणि दाताला टोचणारं नको. शिवाय स्वस्त हवा. एका मटेरियलमध्ये हे सगळं बसत नाही. मग कशाचा बळी द्यायचा?

युरोपने सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची जवळजवळ तीनशे वर्षं उत्तर दिलं, टिकाऊपणाचा. पांढरी, बारीक पोताची माती घ्यायची, तिची वळी करायची, आतून तार घालायची (भोक ते हेच), दोन भागांच्या साच्यात दाबायची आणि भाजायची. गंमत म्हणजे तंबाखूवर जळजळीत पुस्तिका लिहिणाऱ्या इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजानेच १६१९ मध्ये पाइप बनवणाऱ्यांच्या कंपनीला सनद दिली. नेदरलँड्समधल्या खाउडा गावात, म्हणजे चीजवाल्या गौडा गावातच, १६६० मध्ये पाइपवाल्यांचा गिल्ड झाला आणि पुढे ते गाव पाइपसाठी युरोपभर गाजलं.

माती जळत नाही आणि ओलावा शोषते. चवीत स्वतःचं काही मिसळत नाही. पाइप कडवट झाला की परत भट्टीत टाकायचा, साफ! खानावळींत यासाठी लोखंडी जाळ्या असत, पाइप त्यात रचून विस्तवावर भाजून काढत. (खानावळीत दर गिऱ्हाइक आपलं टोक मोडून पाइप पुढच्याला देई, ही गोष्ट खूप ठिकाणी वाचायला मिळते. तिला फारसा पुरावा नाही.) पण माती तापते, भयंकर तापते. त्यावर उपाय म्हणजे नळी लांब करायची, धूर वाटेत निवतो. म्हणून निवांत माणसाचा पाइप हात-दीड हात लांब. पण ज्याला दोन्ही हातांनी काम करायचंय त्याने काय करायचं? गोदीतला हमाल हातभर नळी सांभाळत ओझी कशी उचलणार? तो आखूड पाइप घेई आणि दातात घट्ट पकडून ठेवी.

आणि भाजलेली माती दातांपेक्षा चिवट निघाली. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८४३ ते १८५४ या काळात वापरात असलेलं एक कॅथलिक दफनस्थान पुरातत्त्वज्ञांनी उकरलं. गरीब वस्ती, त्यात आयर्लंडहून आलेले पुष्कळ. तिथल्या अनेक सांगाड्यांच्या वरच्या-खालच्या दातांत मिळून गोल खाच आहे, नळी बरोबर बसेल अशी. जबडा मिटला तरी तिथे भोक राहतं. थोडक्यात, मातीच्या पाइपचे दोन लॉग शिल्लक आहेत, एक नळीतल्या भोकाचा आणि दुसरा माणसांच्या दातांतल्या भोकाचा.

आपल्याकडची चिलीमही मातीचीच, पण तिने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. नळी नाहीच. खाली ओलं फडकं गुंडाळायचं आणि मुठीतून ओढायचं. ओठ मातीला लागतच नाहीत. बाकी चिलमीने घरं बुडाली ते वेगळं.

तर युरोपातल्या त्या ओठांबद्दल. सॅम्युएल टोमास फॉन झ्योमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७९५ मध्येच लिहून ठेवलं होतं की ओठाचा कॅन्सर पाइप ओढणाऱ्यांत जास्त दिसतो. निरीक्षण पक्कं. पण कारण त्याने दिलं ते असं, की खालचा ओठ नळी आणि दात यांच्यात चेपला जातो. म्हणजे आरोपी कोण, तर नळी. हे लक्षात ठेवा, याच्याकडे परत यायचंय.

श्रीमंतांनी तोवर दुसरं मटेरियल शोधलं होतं. मीअरशॉम, जर्मनमध्ये अर्थ समुद्राचा फेस. फेस-बिस काही नाही, सेपिओलाइट नावाचं खनिज आहे. पण इतकं सच्छिद्र आणि हलकं की कोरडा खडा पाण्यावर तरंगतो. उत्तम माल तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरचा, जमिनीखालून खड्डे खणून गोळ्यांच्या रूपात काढतात. ओला असताना साबणासारखा कोरता येतो. मग वाळवून मेणात मुरवायचा. कोरीव कामाची राजधानी मात्र व्हिएन्ना. धूर थंड, बाहेरून हात भाजत नाही आणि वर्षानुवर्षं ओढला की पांढऱ्याचा मधासारखा आणि मग तपकिरी रंग चढत जातो. लोक या रंगासाठी जिवाचं रान करत. तोंडात धरायला अंबर. सगळं छान, फक्त किंमत सोडून, आणि पडला की हाही फुटतो.

मला विचाराल तर खरी क्रांती केली ती एका झुडपाने. एरिका आर्बोरिया, भूमध्य समुद्राभोवतीच्या डोंगरांत कॉर्सिका, अल्जीरिया, इटलीत उगवणारं. त्याच्या खोड आणि मुळाच्या सांध्यावर जमिनीत एक गाठ धरते. कामाची गाठ व्हायला काही दशकं लागतात. तिच्यात सिलिका असते, म्हणून लाकूड असूनही सहजी पेटत नाही. हेच ब्रायर. १८५० च्या दशकात ते फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातल्या सँ-क्लोदला पोचलं. यात्रेकरूंसाठी लाकडी जपमाळा आणि मूर्ती कातून पोट भरणारं ते गाव. लेथ होते, हात तयार होते, चांगलं लाकूड तेवढं हवं होतं. गाठी कापून तासन् तास उकळायच्या, महिनोन् महिने वाळवायच्या आणि मग कातायच्या.

त्याच सुमाराला व्हल्कनाइझ केलेलं कडक रबर हाताशी आलं. आता वाटी लाकडाची, टोक रबराचं. आपल्या भाषेत सेपरेशन ऑफ कन्सर्न्स! आगीला तोंड देणारा भाग वेगळा, दाताला लागणारा भाग वेगळा, आणि टोक खराब झालं तर फक्त तेवढंच बदला. चवीला ब्रायर मातीपेक्षा सरस नाही, थंडपणात मीअरशॉमच्या मागे. पण खिशात टाका, दातात धरा, पाडा, फुटत नाही. एकाही परीक्षेत पहिला न येता तो जिंकला. १९०७ मध्ये आल्फ्रेड डनहिलने लंडनला ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढलं, तोवर जुन्या मातीच्या पाइपचे दिवस भरत आले होते.

अमेरिकेने मधल्या मध्ये मक्याच्या कणसाचाही पाइप केला. मिसूरीतल्या हेन्री टिबी या डच सुताराने कणसाच्या बुरकुंडाला बाहेरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा लेप देण्याचं पेटंट १८७८ मध्ये घेतलं आणि कंपनीचं नाव पुढे काय पडलं, तर मिसूरी मीअरशॉम. मार्केटिंगवाले तेव्हाही होतेच. जनरल मॅकआर्थर ३० ऑगस्ट १९४५ ला जपानमध्ये विमानातून उतरला तेव्हा त्याच्या तोंडात कणसाचाच पाइप होता.

आता झ्योमरिंगकडे. त्याचं निदान बरोबर असतं तर रबरी टोक आणि थंड लाकूड आल्यावर ओठ सुटायला हवे होते. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा प्रसिद्ध अहवाल ११ जानेवारी १९६४ ला आला. सिगरेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी तो सगळ्यांना आठवतो, पण त्यात आणखी एक निष्कर्ष होता. पाइप ओढणं हे ओठाच्या कॅन्सरचं कारण आहे, हे सिद्ध झाल्यासारखं आहे. आणि हा पाइप म्हणजे बहुतेक करून ब्रायरचा, रबरी टोकाचा. इंग्लंडमधल्या ब्रोझली गावचा मातीच्या पाइपचा कारखाना तोपर्यंत बंदसुद्धा पडला होता. तिथे आता म्युझियम आहे.