कोल्हापूरचा बिंदू चौक : वेशीपासून सभास्थानापर्यंत

मराठीत ‘चौक’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. वाड्याच्या पोटातील मोकळे अंगण हा एक अर्थ व रस्ते एकत्र येण्याची जागा हा दुसरा. युरोपीय शहरातील मध्यवर्ती चौक पहिल्या अर्थास अधिक जवळचा आहे. स्पेनमधील सालामांका शहराचा ‘प्लासा मायोर’ १७२९ ते १७५५ या काळात एका आराखड्यानुसार उभारला गेला. चारही बाजूंस कमानींच्या ओवऱ्या, एका अंगास नगरपालिकेची इमारत व कमानींच्या मधोमध राजे, सेनानी आणि साहित्यिक यांच्या कोरीव मुखाकृती अशी त्याची रचना आहे. तेथे कोणास स्थान द्यावे, हा वाद अद्याप मिटलेला नाही. हुकूमशहा फ्रँको याची मुखाकृती २०१७ मध्ये काढण्यात आली.

महाराष्ट्रातील तटबंदीच्या शहरांत असा आखीव चौक सहसा आढळत नाही. येथील सार्वजनिक जीवन बाजारात, देवळासमोर आणि वेशीपाशी घडत आले. चंद्रपूरचे जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अचलेश्वर हे दरवाजे अजून उभे आहेत आणि जटपुरा दरवाज्यापाशी शहर कसे गोळा होते, हे या जिल्ह्यातील वाचकांस सांगावयास नको. कोल्हापुरात याच्या उलट घडले. तेथे वेशी गेल्या, नावे राहिली. गंगावेस व रंकाळा वेस ही स्थलनामे आजही बोलण्यात आहेत. रविवार वेशीचे मात्र नावही बदलले. १९४२ च्या लढ्यातील हुतात्मा बिंदू नारायण कुलकर्णी यांच्या स्मरणार्थ ती जागा ‘बिंदू चौक’ म्हणून ओळखली जाऊ लागली. जुन्या तटाचे अवशेष व त्यालगतचे कारागृह एवढ्याच खुणा आता वेशीची आठवण देतात.

त्या काळातील कोल्हापुरात पुतळा ही केवळ शोभेची वस्तू राहिली नव्हती. मुंबई प्रांताचा गव्हर्नर लेस्ली विल्सन याच्या पुतळ्यावर १९४२ मध्ये डांबर ओतण्यात आले व १९४३ मध्ये तो फोडण्यात आला. १९४५ मध्ये त्याच जागी छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. सालामांकातील मुखाकृती शासनाच्या निर्णयाने हटली, येथे ते काम आंदोलकांनी केले, हा फरक लहान नव्हे.

बिंदू चौकाचे वेगळेपण याच संदर्भात ध्यानी येते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर दोन वर्षेही उलटली नव्हती, तोच ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने या चौकात महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसविण्यात आले. बागल हे सत्यशोधक परंपरेतील, १९३९ मध्ये स्थापन झालेल्या प्रजापरिषदेचे नेते आणि स्वतः चित्रकार होते. त्यांनी निवडलेल्या दोन व्यक्तींपैकी एकही राजा नव्हता, एकही कोल्हापूरचा नव्हता आणि डॉ. आंबेडकर तर तेव्हा हयात होते. हयात व्यक्तीचा पुतळा उभारणे ही आपल्याकडे अपवादात्मक गोष्ट. तिची पार्श्वभूमी तीस वर्षे आधीची होती. मार्च १९२० मध्ये माणगाव येथील परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे पुरस्कारिले होते. संस्थानच्या अधिपतीने दिलेली ती मान्यता संस्थान लयास गेल्यावर नागरिकांनी चौकात आणून ठेवली, असे म्हणता येईल. दोन्ही पुतळे शेजारी शेजारी असण्यालाही अर्थ आहे. फुले यांना आपण गुरू मानतो असे आंबेडकरांनी स्वतः सांगितले होते.

पुढील काळात बिंदू चौक हे शहराचे सभास्थान बनले. डाव्या पक्षांच्या, कामगारांच्या व निवडणुकीच्या सभा येथे होत आल्या. एखाद्या जागेचे सामाजिक वजन कशावरून ओळखावे? कोल्हापुरात त्यास भाषेचाच पुरावा आहे. विरोधकास खुल्या वादाचे आव्हान द्यावयाचे असल्यास येथील पुढारी ‘बिंदू चौकात या’ असे म्हणतात. आव्हान स्वीकारले जातेच असे नाही. किंबहुना बहुधा ते वर्तमानपत्रातच विरते. तथापि खरे-खोटे लोकांसमक्ष ठरावे आणि ते ठरविण्याची जागा न्यायालय वा राजवाडा नसून चौक असावा, ही कल्पना त्या तीन शब्दांत टिकून आहे. दूरदर्शन वाहिन्यांच्या चर्चांनीही तिला अद्याप मागे सारलेले नाही.

या जागेवर आज दुसराही हक्क सांगितला जातो. अंबाबाईचे मंदिर येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि बाहेरगावच्या भाविकांची वाहने उभी करण्यास शहराच्या जुन्या भागात मोकळी जागा फारशी उरलेली नाही. त्यामुळे बिंदू चौकाच्या परिसरातच वाहनतळ आला आहे. एरवी सभेसाठी लोक जमावेत अशा या ठिकाणी नवरात्रात व सुटीच्या दिवसांत मोटारींची दाटी असते. १४ एप्रिल व ६ डिसेंबर या दिवशी मात्र पुतळ्यांना अभिवादन करण्यास येणाऱ्यांसाठी तेथे वाट करून द्यावी लागते.