न्यूट्रिनो पकडायला दुर्बीण बर्फात का पुरली? या गोष्टीत कोलारची सोन्याची खाणही आहे

नागपूरच्या झिरो माइलजवळ सिग्नल सुटण्याची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या शरीरातून दर सेकंदाला अब्जावधी न्यूट्रिनो आरपार जातात. बहुतेक सूर्याकडून आलेले. रात्री सूर्य पलीकडच्या बाजूला असतो, तेव्हाही ते अख्खी पृथ्वी भेदून येतात.

हा कण इतका महत्त्वाचा का?

न्यूट्रिनोला विद्युतभार नसतो. त्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्याला वळवू शकत नाही आणि तो कुठून निघाला, ती दिशा कळते. अडचण एकच: तो कशालाही क्वचितच धडकतो.

मग जमिनीखाली का शोधायचं?

वैश्विक किरणांमुळे वातावरणात म्युऑन नावाचे कण तयार होतात आणि सतत खाली पडत राहतात. या गोंगाटात न्यूट्रिनोची खूण हरवते. जाड खडक किंवा बर्फ हा गोंगाट बराचसा अडवतो.

कोलारमध्ये काय घडलं?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ कर्नाटकातल्या कोलारच्या खाणीत म्युऑन मोजत होते. सर्वांत खोल ठिकाणी सुमारे दोन महिने एकही म्युऑन दिसला नाही. ही शांतताच कामी आली. जपानचं ओसाका सिटी आणि ब्रिटनचं डरहॅम विद्यापीठ सोबत आलं. २ किलोमीटरहून अधिक खोलीवर वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोच्या खुणा सापडल्या आणि ऑगस्ट १९६५ मध्ये त्या जाहीर झाल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांच्या गटालाही त्याच वर्षी यश आलं.

आणि बर्फातली दुर्बीण?

दूरच्या आकाशगंगांतून येणारे अतिऊर्जावान न्यूट्रिनो फारच विरळ. ते टिपायला प्रचंड मोठा सापळा लागतो. दक्षिण ध्रुवावरच्या 'आइसक्यूब'ने १ घन किलोमीटर बर्फच सापळा केला. गरम पाण्याने छिद्रं पाडून ८६ तारांवर ५,१६० प्रकाशसंवेदक सोडले. ते १,४५० ते २,४५० मीटर खोलीवर आहेत. हे काम डिसेंबर २०१० मध्ये संपलं. न्यूट्रिनो बर्फातल्या अणूला धडकला की निळसर प्रकाश चमकतो, त्यावरून दिशा काढतात. २२ सप्टेंबर २०१७ च्या अशाच एका न्यूट्रिनोचा माग सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षं दूरच्या आकाशगंगेपर्यंत लागला.

भारत आज कुठे आहे?

कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यातल्या भूमिगत न्यूट्रिनो वेधशाळेला केंद्राने जानेवारी २०१५ मध्ये मंजुरी दिली. मात्र पर्यावरणाचे प्रश्न आणि स्थानिकांचा विरोध यांमुळे प्रकल्प रखडला. साठ वर्षांपूर्वी या शोधात आघाडीवर असलेल्या देशाकडे आज तशी खोल शांत जागा नाही.