कलाभवनला लागलेली पोरं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत पोरगा इंजिनिअरिंगला गेला असं कुणी म्हणत नाही, 'कलाभवनला लागला' म्हणतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 साली झालं, कलाभवनची फॅकल्टी ऑफ टेक्नॉलॉजी अँड इंजिनिअरिंग झाली, पुढे तिथे कॉम्प्युटरची शाखा आली; गावाच्या तोंडी नाव मात्र 1890 सालचंच आहे. मी नव्वदीच्या सुरुवातीला तिथून इलेक्ट्रिकलची पदवी घेतली आणि पोट भरलं सॉफ्टवेअरवर. माझी भाची आता तिथूनच कॉम्प्युटर सायन्स करून नोकरीला लागली आहे. पदवी आणि पहिला पगार यांच्यामध्ये जी दरी असते ती तिला ओलांडताना बघितलं आणि वाटलं, या दरीचा विचार आपल्या गावात सव्वाशे वर्षांपूर्वीच झाला होता. मधल्या पिढ्यांनी, म्हणजे आम्हीच, तो गुंडाळून माळ्यावर टाकला.

विचार करणारा माणूस सुरतेचा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, सुतारकाम करणाऱ्या घराण्यातले, रसायनशास्त्राचे पदवीधर, बडोदा कॉलेजात प्राध्यापक. बडोद्याचे महाराज सयाजीराव आणि ते एकाच वयाचे, दोघंही 1863 चे. 1881 साली निघालेल्या बडोदा कॉलेजातून बी.ए. होऊन मुलं कचेरीत चिकटत होती. गज्जरांना हवा होता तो हाताला काळं लागलेला विद्यार्थी. त्यासाठी निघालेल्या कलाभवनात यंत्रकाम, विणकाम, स्थापत्य, चित्रकला आणि रंगकाम शिकवायचं ठरलं. त्यात रंगकाम, म्हणजे कापड रंगवण्याचं रसायनशास्त्र, फारच नावाजलं, कारण मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना नेमकी तीच माणसं हवी होती. पुस्तकं इंग्रजीत, आणि पोरं गुजराती-मराठी शाळांतून आलेली. म्हणून गज्जरांनी देशी भाषांत तांत्रिक ग्रंथ तयार करण्याचा घाट घातला.

त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज फाळके 1890 च्या सुमारास चित्रकला शिकायला इथे आले. पोरगं कॅमेऱ्याशी खटपट करतंय हे गज्जरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कलाभवनातला फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्याला वापरायला दिली. त्याचा 'राजा हरिश्चंद्र' चित्रपट यायला 1913 उजाडलं, पण चित्रकलेच्या विद्यार्थ्याला रसायनाच्या खोलीची मुभा देणारा मास्तर असावा लागतो. अभ्यासक्रमात हे कुठे लिहिलेलं नसतं.

गज्जर 1896 च्या सुमारास मुंबईला निघून गेले. मराठी वाचकाला त्यांची ओळख असलीच तर वेगळ्याच कारणाने असेल: मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासलं, ते काढायला भलेभले हरले आणि शेवटी गज्जरांनी ते काढून दाखवलं. चापेकरांचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या घरात गज्जरांचं हे कर्तृत्व जरा दबक्या आवाजात सांगितलं जाई. त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासोबत 1907 साली अलेम्बिक निघाली. कलाभवनवाल्या मास्तरांनी शिकवलेली पोरं गावातच कारखाना काढतात, हे चक्र तेव्हा एकदा पुरं फिरलं.

पुढे 1943 च्या आसपास साराभाई केमिकल्स आणि ज्योती, साठच्या दशकात खतांचा कारखाना आणि कोयलीची रिफायनरी, मग आयपीसीएल. केमिकल किंवा मेकॅनिकल झालेल्याला गाव सोडायची गरज उरली नाही. सायकलीवर टांग टाकली की अर्ध्या तासात गेट.

आमच्या धंद्याचं तसं झालं नाही. खरं तर सुरुवात लवकर झाली होती. विक्रम साराभाईंनी 1960 साली ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप बडोद्यातच काढला. कोणतं औषध कुठे किती खपतं याची शास्त्रशुद्ध पाहणी करायची तर आकडेमोड अफाट, त्यामुळे यंत्राची गरज त्या मंडळींना लवकर कळली. ऐंशीच्या दशकात ओआरजी सिस्टिम्स या नावाने संगणकाचा धंदाही उभा राहिला. तरी कलाभवनच्या कट्ट्यावर आम्ही ज्यांची नावं घ्यायचो ती मंडळी इथून गेलेली होती. सॅम पित्रोदा आमच्या विद्यापीठात फिजिक्स शिकून साठच्या दशकात अमेरिकेला गेले. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर नागपूरला इंजिनिअर झाले, 1968 साली त्यांनी बडोद्याची मास्टर्स पदवी घेतली, पुढे दिल्लीच्या आयआयटीत डॉक्टरेट. अमेरिकेने क्रे संगणक द्यायला खळखळ केल्यावर 1988 साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि 1991 साली भटकरांच्या नेतृत्वाखाली परम 8000 हा महासंगणक उभा राहिला. बातमी पेपरात आली तेव्हा आमचे एक सर वर्गात म्हणाले, 'आपला माणूस!' मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, 'पण सर, पुण्यात.'

बडोदं सोडून मुंबईची गाडी पकडणं हा तसा इथला जुना मराठी संस्कार. विनोबा भावे 1916 साली इंटरच्या परीक्षेला याच गाडीने मुंबईला निघाले आणि सुरतेला उतरून थेट काशीला गेले. दाखले त्यांनी आधीच चुलीत घातले होते. आमच्यात तेवढी हिंमत नव्हती. आम्ही दाखल्यांच्या झेरॉक्स काढून, अटेस्ट करून, प्लास्टिकच्या फोल्डरात घेऊन मुंबई सेंट्रलला उतरायचो आणि तिथून लोकलने अंधेरी.

अंधेरीच्या सीप्झमध्ये मला नोकरी लागली तेव्हा मी कलाभवनात फोरट्रान आणि थोडं पास्कल शिकलो होतो. कंपनीला हवं होतं कोबोल. तिथे आमची बॅच बसवून शाळेसारखं पुन्हा शिकवलं. मेकॅनिकलवाला, टेक्स्टाइलवाला, फिजिक्सची एम.एस्सी. झालेली मुलगी, सगळे एका बाकावर. मग वाय-टू-के आलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षासाठी दोनच आकड्यांची जागा, कारण पूर्वी साठवण महाग होती. 'पिक नाइन नाइन' असं लिहिलेलं शोधायचं. दोनाचे चार आकडे केले की रेकॉर्डची लांबी वाढायची, पुढचे सगळे रकाने सरकायचे, आणि ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम बिघडायचा. म्हणून पुष्कळ ठिकाणी आम्ही जागा तीच ठेवली आणि अट घातली: 50 पेक्षा कमी असेल तर 20 लाव, नाहीतर 19. ज्याने तो मूळ प्रोग्रॅम लिहिला तो कुठल्या बँकेसाठी, तिथे माणसं कशी काम करतात, यातलं आम्हाला ओ की ठो माहीत नव्हतं. पगार मात्र कोयलीच्या रिफायनरीतल्या मित्रांपेक्षा चांगला होता, हे खोटं कशाला सांगू. गिऱ्हाइकाचं तोंड न बघता काम करायची सवय माझ्या पिढीला तिथे लागली.

भाचीची गोष्ट वेगळ्या अडचणीची. तिने डेटा स्ट्रक्चर्सच्या परीक्षेत लिंक्ड लिस्टचे प्रोग्रॅम निळ्या पेनने उत्तरपत्रिकेवर लिहिले. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा वाइसमध्ये धरून कानस मारत काटकोनात आणला, गुण्या लावून उजेड दिसतो का बघितलं, आणि घरी येऊन 'मामा, कॉम्प्युटरवाल्यांना हे कशाला?' म्हणून कुरकुरली. कॅम्पसमधून एका मोठ्या कंपनीचं पत्र मिळालं, पेढे वाटले, आणि जॉइनिंगची तारीख पुढे पुढे ढकलली जाऊ लागली. त्या रिकाम्या काळात ती गिट शिकली आणि दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचायला शिकली. हे दुसरं चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. परीक्षेत नेहमी आपणच पहिल्या ओळीपासून लिहायचं असतं. नोकरीत तुमच्या आधी दहा जणांनी लिहून ठेवलेलं असतं. शेवटी त्या पत्राचा नाद सोडून तिने गावातल्याच, पंपांचे कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरी धरली.

घरात जरा निराशा झाली. मला उलट वाटलं. बडोद्यात जे सॉफ्टवेअर रुजलं त्यातलं बरंचसं यंत्राच्या बाजूने आलेलं आहे. हायवेवरच्या एल अँड टीच्या नॉलेज सिटीत पोरं स्क्रीनवर काम करतात, पण त्या स्क्रीनपलीकडे बऱ्याचदा रिफायनरी किंवा वीजकेंद्र असतं. गेंडा सर्कलला साराभाईंच्या जागेत ऑफिसांचे टॉवर उभे राहिले, अलेम्बिकच्या जुन्या इमारतींत चित्रकारांचे स्टुडिओ आले. तरी कारखाने गावाबाहेर चालूच आहेत आणि त्यांना कोड लिहून देणारे लागतात.

भाचीला पहिलंच तिकीट, म्हणजे बिघाडाची तक्रार, आलं ते असं: पॅनलवर मधूनच दाब उणे दिसतो. तिने दोन दिवस कोड चाळला. सिम्युलेटरवर काही सापडेना. मग ती खाली टेस्टिंगच्या शेडमध्ये गेली. तिथले जुने फिटर, त्यांना सगळे काका म्हणतात, चहा पीत म्हणाले, 'बेन, ए तो प्रेशर बहु वधे त्यारे ज थाय छे.' दाब फार वाढला तरच. हे त्यांना केव्हापासून माहीत होतं, पण वरून कुणी विचारायलाच आलं नव्हतं. दाब मिलिबारमध्ये मोजून सोळा बिटांच्या खान्यात ठेवला होता. त्यात जास्तीत जास्त 32,767 मावतात. जवळजवळ पावणेतेहतीस बारच्या पुढे गेलं की आकडा उलटून एकदम उणे 32,768 होतो. बिटांत उणे आकडे मांडायच्या या पद्धतीवर, टूज कॉम्प्लिमेंटवर, तिने परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहिलेलं होतं, पूर्ण मार्क होते. खाना बत्तीस बिटांचा केला. जागा वाचवणाऱ्या कुणा जुन्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. आमचा धंदा त्यांच्याच जिवावर चालतो.

आता तिला पुण्याहून हिंजवडीतल्या एका कंपनीचं बोलावणं आलंय, पगार जवळजवळ दुप्पट. ताई म्हणते, जाऊ दे, अनुभव मिळेल. मी म्हणालो, नोटीस पिरियड संपेपर्यंत रोज एकदा शेडमध्ये जाऊन ये. भाचीने पुण्याच्या मुलाखतीत त्या उणे दाबाची गोष्ट सांगितली, त्यांना फार आवडली म्हणे. तिथे तिला काम मिळणार आहे ते एका विमा कंपनीच्या वेबसाइटचं.