न पेटणारा एलईडी आणि दोनशे वर्षांची शोधपद्धती

१/ नांदेडच्या विष्णुपुरीतील श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था असो वा लातूरचे तंत्रनिकेतन, इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्यावहिल्या प्रात्यक्षिकात एक प्रसंग हमखास घडतो. ब्रेडबोर्डवरील प्रत्येक जोडणी आकृतीबरहुकूम असते आणि तरीही एलईडी पेटत नाही. असा दोष शोधण्याच्या विद्येचा इतिहास तारायंत्राइतका जुना आहे.

२/ प्रथम नावाविषयी. १९२०च्या दशकात पाश्चात्त्य देशांतील हौशी मंडळी घरी रेडिओ बांधत. पाव कापण्याच्या लाकडी फळीवर खिळे व स्क्रू ठोकून ते तारा जोडत. फळी गेली, ‘ब्रेडबोर्ड’ हे नाव मात्र राहिले.

३/ आजचा बिनडाखाचा प्लॅस्टिक बोर्ड १९७१च्या सुमारास अमेरिकेत रोनाल्ड पोर्तुगाल यांनी आखला. त्यात छिद्रांमधील अंतर २.५४ मिलिमीटर असते. पाच छिद्रांची प्रत्येक आडवी ओळ आतून एकाच धातूच्या पट्टीने जोडलेली असते. सोय मोठी, पण जोडणी डोळ्यांआड गेली. कित्येक बोर्डांवर कडेची वीजपट्टी मध्येच खंडित असते. नवख्याला ते दिसत नाही.

४/ डोळ्यांआडच्या दोषाने पहिला मोठा धडा दिला तो १८५८ साली. अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले. संकेत क्षीण होताच वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी दाब वाढवला. तो सुमारे २,००० व्होल्टपर्यंत गेल्याचे मानले जाते. आधीच सदोष असलेली केबल काही आठवड्यांतच मूक झाली.

५/ दुसरा मार्ग मोजमापाचा होता. ओमने १८२७ मध्ये दाब, प्रवाह आणि रोध यांचे नाते मांडले. व्हीटस्टनने १८४३ मध्ये रोध अचूक मोजणारी रचना प्रचारात आणली. तारेचा दर मैलाचा रोध ठाऊक असला, की किनाऱ्यावर बसून समुद्रातील दोष किती मैलांवर आहे याचा हिशेब करता येई. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई–एडन केबल टाकली, तोवर हे शास्त्र स्थिरावले होते.

६/ दुसरा धडा मुंबईचाच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील तरुण चमूने १९५०च्या दशकात संगणक बांधावयास घेतला. असे यंत्र देशात आधी कोणी घडवले नव्हते. त्यांनी एकदम पूर्ण यंत्र उभे केले नाही. आराखडा तपासण्यासाठी आधी छोटे पथदर्शी यंत्र १९५६ मध्ये चालवून पाहिले. पूर्ण यंत्र १९६० मध्ये सुरू झाले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या आणि १२,५०० रोधक असलेले हेच ते ‘टिफ्रॅक’.

७/ आता पुन्हा न पेटणाऱ्या एलईडीकडे. ५ व्होल्टचा पुरवठा, ३३० ओहमचा रोधक आणि लाल एलईडी घ्या. एलईडीवर सुमारे २ व्होल्ट खर्ची पडतात; उरलेल्या ३ व्होल्टना ३३० ने भागले, की सुमारे ९ मिलिअँपिअर. रोधक गाळून थेट ५ व्होल्ट देणे म्हणजे व्हाइटहाउसची चूक गिरवणे.

८/ मल्टिमीटरने आधी पुरवठा, मग वीजपट्टी, मग एलईडीचे दोन पाय तपासावेत. पायांमध्ये पूर्ण ५ व्होल्ट दिसले, तर एलईडी उलटा बसला आहे किंवा जळाला आहे. शून्य दिसले, तर उरलेल्या जोडण्यांत कोठेतरी खंड आहे, किंवा दोन्ही पाय एकाच ओळीत खोवले गेले आहेत. प्रत्येक मापनागणिक संशयाचे क्षेत्र आक्रसते.

९/ पहिले सर्किट चालले नाही म्हणून ‘हा विषय आपला नव्हे’ असे ठरवणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. १८५८ची केबल मूक झाली, तरी १८६६ मध्ये अटलांटिकपार टिकाऊ तार पोहोचली. मधल्या आठ वर्षांत माणसे दोष मोजायला शिकली होती.