दिनविशेष : १४ सप्टेंबर १९४८ – राजेश्वरला भारतीय फौजा

हैदराबाद संस्थान भारतात विलीन करण्यासाठी १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेल्या, ‘ऑपरेशन पोलो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कारवाईत सोलापूरहून निघालेली मुख्य फौज पहिल्या दिवशी नळदुर्ग घेऊन उमरग्यापर्यंत पोहोचली आणि १४ तारखेला पूर्वेकडे सुमारे ४८ किलोमीटरवरील राजेश्वरकडे वळली. हवाई टेहळणीत वाटेवर दबा धरण्याची पक्की ठाणी आढळल्याने ‘टेम्पेस्ट’ या एकआसनी लढाऊ विमानांनी त्यांवर मारा करून रस्ता मोकळा केला, आणि दुपारपर्यंत राजेश्वर भारतीय सैन्याच्या ताब्यात आले.

फौजेचे नेतृत्व करणारे मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका व ब्रह्मदेशात लढलेले होते आणि पुढे १९६२ साली ते लष्करप्रमुख झाले. त्यांचे चरित्र सहज उपलब्ध आहे. परंतु त्यांच्या हाताखालचे साधे जवान, जे निवृत्तीनंतर गावी परतून नातवंडांचे आजोबा झाले, त्यांच्या नोंदी बहुधा पेन्शनच्या कागदांत आणि घरच्या पेटीतल्या पदकांतच उरल्या आहेत, ही इतिहासलेखनातील मोठी उणीव म्हटली पाहिजे. त्या वेळी विशीत असलेले जवान आज शंभरीजवळ आले असल्याने नातवंडांनी ऐकलेल्या हकिगती लिहून ठेवण्याचे काम तातडीचे आहे. कारवाईच्या स्थानिक आठवणी शोधताना हेही लक्षात घ्यावे की, राजेश्वर असलेला बिदर जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विभागला गेला : उदगीर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात, तर राजेश्वरचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला.