पाळणा आणि अंगाई

आपल्या ज्ञातीच्या इतिहासाचा विचार करू लागले म्हणजे मूळ गाव, कुलदैवत, सनदा आणि कर्तबगार पुरुष यांचीच आठवण प्रथम होते. परंतु ज्याचा एकही कागद दप्तरात सापडत नाही, आणि तरीही जो घरोघर रोज तिन्हीसांजेनंतर गायिला जात असे, अशा एका इतिहासाकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते. तो इतिहास म्हणजे आपल्या मायबहिणींचे पाळणे व अंगाई.

ही परंपरा फार प्राचीन आहे. मार्कंडेय पुराणातील मदालसा राणी मुलांना जोजवताना आत्मज्ञान सांगे. तिचे तीन पुत्र विरक्त झाले, तेव्हा चौथ्या अलर्काला तरी राजधर्म शिकव, अशी विनवणी राजास करावी लागली. पाळण्यापाशी गायिलेले शब्द बापही कान देऊन ऐकत असतो, हेच या कथेचे मर्म होय. सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात (इ. स. ११२९) महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. तीच ओवी पुढे जात्यावर बसली आणि पाळण्याच्या दोरीलाही लागली.

पाळणा आणि अंगाई यांत मात्र भेद आहे. पाळणा चारचौघींत गावयाचा. बाराव्या दिवशी बारशाला बाळ पाळण्याच्या खालून-वरून देताघेता, आत्याने कानात 'कुर्र' करून नाव सांगितले की सुवासिनी एकेका दिवसाचे एकेक कडवे म्हणत. रामनवमीस रामाचा व गोकुळाष्टमीस कृष्णाचा पाळणाही याच चालीचा. अंगाई ही एकांतातली. तिला श्रोते दोनच, बाळ आणि स्वतः आई.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात या एकांताला विशेष अर्थ होता. घरातला कर्ता पुरुष मुंबईस गिरणीत किंवा पेढीवर चाकरीला. तो शिमग्याला नाहीतर गणपतीला यावयाचा. मागे राहिलेली सून झोळीची दोरी हलवीत माहेर, भाऊ, आगबोट आणि दूरचा धनी यांना ओवीत गुंफीत असे. बाळाला लय मिळे, आईला शब्द मिळत. दिवसभर जे कोणापाशी बोलता येत नसे, ते ती बाळाच्या निमित्ताने बोलून घेई. एकाच गाण्याने दोघांनाही विसावा मिळे.

या ओव्यांचे मोल याच जिल्ह्यातील पालगडच्या सुपुत्राने ओळखले. साने गुरुजींनी (जन्म २४ डिसेंबर १८९९) बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून 'स्त्री-जीवन' हा संग्रह सिद्ध केला. आधुनिक शास्त्रही आता याच वाटेने येत आहे. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील तान्ह्या मुलांना परक्या भाषांतील अंगाई ऐकविल्या. शब्द कळत नसताही इतर गाण्यांपेक्षा या गाण्यांनी मुले अधिक शांत झाली व त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले. म्हणजे मुलाला कोणाचीही अंगाई चालेल. आपली अंगाई हवी आहे ती आपल्यालाच.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. आमच्या आजीच्या पाळण्यात बारा दिवसांची बारा कडवी होती. आज आम्हां सर्व भावंडांना मिळून पाचच आठवतात. आजी असता ती लिहून घेण्याचे कोणालाच सुचले नाही. 'बायकांची गाणी' म्हणून ती बाजूस राहिली. वंशावळी आम्ही सात पिढ्यांच्या जपल्या, आणि त्या सातही पिढ्यांना ज्यांनी निजविले त्यांचे शब्द मात्र हरवू दिले.

ज्यांच्या घरी वृद्ध माता, आत्या वा आजी आहेत, त्या भगिनी-बांधवांस आमची नम्र विनंती आहे. या वर्षी त्यांच्यापाशी एक संध्याकाळ बसावे. कडवी वहीत उतरवावी. चाल कागदावर राहत नाही, तेव्हा ती त्यांच्याच आवाजात भ्रमणध्वनीवर मुद्रित करावी. आणि रात्री निजताना ती आईने गावी, बापानेही गावी. सूर चुकला तरी बाळ तक्रार करीत नाही.