एक मासा शाई

विद्वानांची शाई आणि शहिदांचे रक्त कयामतच्या दिवशी तोलले जाईल आणि शाईचे पारडे जड ठरेल, असे एक वचन आपल्याकडे वाजमध्ये नेहमी ऐकू येते. हदीसच्या जाणकारांनी त्याची सनद कमकुवत ठरवली आहे. तरी इल्मची थोरवी सांगताना ते लोकांच्या तोंडी येतेच. त्या तराजूचे अल्लाह जाणे. दुनियेच्या तराजूत छापील शाई किती भरते, ते आपण पाहू.

कोरे पान तोलून, मग छापून पुन्हा तोलावे, तर फसगत होते. पुस्तकाचे एक पान पावणेदोन ग्रॅमच्या आसपास असते आणि कागद हवेतला ओलावा पितो. गोदाकाठच्या आमच्या गंगाखेडात पावसाळी हवेने ओलावा एक टक्का वाढला, की पान १८ मिलिग्रॅमने जड होते. शाई त्याहून कितीतरी हलकी. म्हणून हिशेबच करावा लागतो. शाईचा थर साधारण मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे एक चौरस मीटर जागा पूर्ण काळी करायला सुमारे एक ग्रॅम शाई. पुस्तकाच्या एका पृष्ठावर अक्षरांनी दहावा हिस्सा व्यापला असे धरले, तर तीन मिलिग्रॅम.

१९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली. त्याआधीचे कोष्टक असे होते : आठ खसखशींचा एक तांदूळ, आठ तांदळांची एक गुंज, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. त्या मापाने एका पृष्ठाची शाई दीड खसखस भरते आणि तीनशे पृष्ठांच्या ग्रंथाची जेमतेम एक मासा.

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांची ही शाई एकेकाळी एकाच दगडावरून कागदावर उतरली. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. पुढे मराठी खिळ्यांकडे वळली. नस्तालीकची वळणे खिळ्यांत नीट बसेनात, म्हणून उर्दू कातिबाच्या हातातच राहिली. १९८१ मध्ये संगणकावरची नूरी नस्तालीक येईपर्यंत.

हैदराबाद संस्थानात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तिथे उच्च शिक्षण उर्दूतून मिळे आणि त्यासाठी शास्त्रांचे ग्रंथ उर्दूत आणले गेले. गंगाखेड त्याच संस्थानात होते. १९४८ नंतर कारभाराची भाषा बदलली. घराघरांतली मुले मराठी शाळेत गेली, शिकली, पुढे आली. त्यात वाईट काही नाही. पण दादाजानची किताब घरात कुणाला वाचता येईना. मग ती रद्दीत जाते.

रद्दीवाला कागद तोलतो. एका किलोत शाई असते अवघी तीन ग्रॅम. तिचा भाव तो लावत नाही, आणि त्याने का लावावा? तो लावायचा आपण. गावात उर्दू शाळा आहेत, वाचणारी मुले आहेत. पेटीतली जुनी किताब तराजूत टाकण्याआधी एकदा त्यांच्यापुढे उघडावी. निदान नाव, लेखक आणि साल वहीत उतरवून घेता येईल. त्याला फार तर खसखशीएवढी शाई लागेल.